आभाळाची राखण

(द्वितीय वर्ष, कला)

ज्वारीचे पीक हुरड्यात आले म्हणजे आमच्या भागात शेतात माळा घालतात आणि घरातला एक जण गोफण घेऊन त्यावर राखणीला बसतो. पाखरांचा थवा कोणत्या बाजूने येतो, कोणत्या वेळी उतरतो, हे त्याला दोन दिवसांत पाठ होते. पिकाची राखण आम्हां शेतकऱ्यांच्या मुलांना कोणी शिकवावी लागत नाही. परंतु आभाळाची राखण करणारी माणसेही या जगात आहेत, त्यांना त्याबद्दल पगार नाही, हुद्दा नाही, पुष्कळांजवळ हवामानशास्त्राची पदवीही नाही, आणि तरीही त्यांच्या नोंदींवर मोठमोठ्या वेधशाळा विसंबून असतात, ही गोष्ट मला महाविद्यालयात येऊन भूगोल हा विषय घेतल्यावर कळली. त्या माणसांविषयी प्रस्तुत लेखात चार शब्द लिहावयाचे आहेत. मात्र त्यांची ओळख करून देण्यापूर्वी, मला त्यांची ओळख का हवीशी वाटली हे सांगणे भाग आहे.

तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातली गोष्ट. दुपारपासून ढग चढत होते. माझे आजोबा पारावर बसले होते. “आज पडतंय बघा,” असे ते म्हणाले, आणि पारावरच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. आमच्या शेजारच्या काकू कडब्याची गंजी झाकायला शेतात गेल्या होत्या. पाऊस आला म्हणून त्या लिंबाच्या झाडाखाली उभ्या राहिल्या. त्या झाडावर वीज पडली. काकू जागीच गेल्या.

दुसऱ्या दिवशी तलाठी भाऊसाहेब पंचनाम्याला आले. त्यांनी विचारले, “वीज किती वाजता पडली?” एक म्हणाला, दिवस मावळायच्या आधी. दुसरा म्हणाला, म्हशी घरी आणायच्या वेळेला. तिसरा म्हणाला, एस. टी. नुकतीच गेली होती. पण ती त्या दिवशी उशिरा आली की वेळेवर, हे कोणालाच सांगता येईना. शेवटी कागदावर ‘अंदाजे पाच’ असे लिहिले गेले. पहिला गडगडाट केव्हा ऐकू आला, ढग कोणत्या बाजूने आला, हे तर कोणी विचारलेही नाही. साऱ्या गावाने तो ढग पाहिला होता. काकू गेल्या त्याच्या निदान अर्धा तास आधीपासून गडगडाट सर्वांच्या कानांवर पडत होता. त्या अर्ध्या तासात आम्ही फक्त पाहत होतो. पुढे ग्रंथालयात या विषयावरचे जे हाती लागेल ते मी वाचू लागले, ते या अर्ध्या तासाच्या आठवणीने.

गडगडाटी ढग कसा घडतो?

या निरीक्षकांचे काम समजण्यासाठी प्रथम तो ढग समजला पाहिजे. उन्हाळ्यात जमीन तापते, जमिनीलगतची हवा गरम होऊन हलकी होते व वर चढते. त्या हवेत पुरेशी वाफ असेल तर उंचावरच्या थंडीत तिचे जलबिंदू बनतात. वाफेचे पाणी होताना उष्णता बाहेर पडते. ती उष्णता त्या हवेला आणखी वर ढकलते. कापसाच्या ढिगासारखा दिसणारा ढग तास-दीड तासात डोंगराएवढा होतो तो यामुळेच. या ढगाला हवामानशास्त्रात गर्जन्मेघ म्हणतात. आपल्यासारख्या उष्ण प्रदेशात त्याचा माथा पंधरा किलोमीटरच्याही वर जातो. तेथे वर चढण्याचा मार्ग खुंटला की माथा आडवा पसरतो आणि लोहाराच्या ऐरणीसारखा दिसू लागतो. ऐरणीचे टोक ज्या बाजूला ओढलेले दिसेल त्या बाजूला वरचे वारे वाहत आहेत असे समजावे.

दुसऱ्या महायुद्धानंतर १९४६ साली फ्लॉरिडात आणि १९४७ साली ओहायोत अमेरिकन शास्त्रज्ञांनी प्रत्यक्ष अशा ढगांत विमाने घातली. बायर्स आणि ब्रॅहम या दोघांनी त्या पाहणीवरून दाखवून दिले की साध्या गडगडाटी ढगाला तीन अवस्था असतात. पहिल्या अवस्थेत हवा केवळ वर जाते. दुसरीत वर जाणारी व खाली येणारी अशा दोन्ही धारा एकाच वेळी चालू असतात. पाऊस, गारा, वीज हे सारे याच अवस्थेतले. तिसरीत खाली येणारी थंड हवा ढगाचा ऊबदार पुरवठाच तोडते आणि ढग विरतो. वळवाच्या आधी एकाएकी गार वारा सुटतो, धूळ उडते, आणि बायका वाळवण गोळा करायला धावतात. तो गार वारा म्हणजे दुसरी अवस्था सुरू झाल्याची खूण होय. ढगातून कोसळलेली थंड हवा जमिनीवर आपटून पावसाच्या पुढे धावत येते.

विजेचेही कारण या उलटसुलट धारांतच आहे. ढगाच्या वरच्या भागात बर्फाचे बारीक स्फटिक असतात आणि मऊ गारांचे जड कण असतात. ते एकमेकांवर आदळतात तेव्हा हलके स्फटिक धन विद्युत् घेऊन वर जातात आणि जड कण ऋण विद्युत् घेऊन मधल्या थरात राहतात. हा भेद फार वाढला म्हणजे वीज चमकते. तिच्या वाटेवरची हवा क्षणात सुमारे तीस हजार अंश सेल्सिअसपर्यंत तापते, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट. ती हवा एकदम प्रसरण पावते, तोच गडगडाट. प्रकाश तत्काळ दिसतो आणि आवाजाला एक किलोमीटर यायला सुमारे तीन सेकंद लागतात. म्हणून चमक दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून त्याला तिनाने भागले की वीज किती किलोमीटरवर चमकली ते कळते. आभाळ राखणाऱ्याचे हे पहिले हत्यार, आणि त्याला एक पैसाही पडत नाही.

हौशी माणसांनी शास्त्राला काय दिले?

ढगांची जी नावे आपण भूगोलाच्या पुस्तकात शिकतो ती एका हौशी माणसानेच दिली आहेत. ल्यूक हॉवर्ड हा लंडनचा औषधे बनवणारा गृहस्थ. लहानपणापासून त्याला ढग पाहण्याचा नाद होता. डिसेंबर १८०२ मध्ये एका लहानशा मंडळापुढे त्याने व्याख्यान दिले आणि ढगांचे सिरस, क्युम्युलस, स्ट्रॅटस असे प्रकार पाडून दाखविले. आज सव्वादोनशे वर्षांनंतरही जगभरच्या वेधशाळा तीच नावे वापरतात. जर्मन महाकवी गटे यालाही त्या वर्गीकरणाने इतके मोहविले की त्याने हॉवर्डच्या गौरवार्थ कविता लिहिल्या.

हॉवर्ड ढगांचा अभ्यास करी तो घरबसल्या. वादळांच्या मागे जाणारे निरीक्षक तयार झाले ते विसाव्या शतकात, मुख्यतः अमेरिकेत. टेक्सस, ओक्लाहोमा, कॅन्सस, नेब्रास्का ही राज्ये विस्तीर्ण सपाट मैदानाची. वसंत ऋतूत दक्षिणेकडून मेक्सिकोच्या आखाताची दमट हवा तेथे येते, पश्चिमेकडून कोरडी हवा येते, आणि वरच्या थरात थंड वारे वेगाने वाहत असतात. खालचे व वरचे वारे निरनिराळ्या दिशांचे व वेगांचे असल्यामुळे काही गर्जन्मेघ स्वतःभोवती फिरू लागतात. अशा फिरत्या ढगातून कधीकधी सोंडेसारखा भोवरा जमिनीपर्यंत उतरतो. त्याला टोर्नेडो किंवा घूर्णवाती वादळ म्हणतात. आपल्या शेतातल्या वावटळीशी त्याची तुलना करू नये. घरे मुळासकट उपटण्याची शक्ती त्यात असते, आणि त्या देशात वर्षाला हजारावर असे भोवरे होतात.

२० जून १९५७ रोजी नॉर्थ डाकोटा राज्यातील फार्गो या शहरावर असाच भोवरा आला. दहा-बारा माणसे मेली, शेकडो घरे गेली. त्या संध्याकाळी पुष्कळ नागरिकांनी आपापल्या अंगणातून, रस्त्यावरून त्याची छायाचित्रे काढली होती. शिकागो विद्यापीठात फुजिता नावाचे जपानी शास्त्रज्ञ होते. त्यांनी ही शंभराहून अधिक छायाचित्रे मिळविली, प्रत्येक छायाचित्र कोठून व किती वाजता काढले ते निश्चित केले, आणि त्यांवरून त्या वादळाचा सारा जीवनक्रम मिनिटामिनिटाने उभा केला. भोवरा उतरण्यापूर्वी ढगाच्या तळातून खाली लोंबणारा, भिंतीसारखा एक भाग त्यांना वेगळा दिसला. त्याला त्यांनी ‘भिंत-ढग’ असे नाव दिले. आज टोर्नेडोची पूर्वसूचना म्हणून निरीक्षकांना सर्वांत आधी हाच ढग ओळखायला शिकवितात. ज्यांनी ती छायाचित्रे काढली त्यांना आपण काही शोध लावीत आहोत याची कल्पनाही नसेल. फुजितांना त्यांचा उपयोग झाला, कारण प्रत्येकाची जागा आणि वेळ ठरविता आली. हे वाचताना मला पंचनाम्यातले ‘अंदाजे पाच’ हे शब्द आठवले.

त्याच राज्यात, बिस्मार्क या गावी, डेव्हिड होडली नावाच्या तरुणाने १९५६ साली एक मोठे वादळ पाहिले आणि तेव्हापासून तो आपल्या मोटारीतून वादळांच्या मागे जाऊ लागला. पुढे तो सरकारी नोकरीत होता. वादळे हा त्याचा सुटीतला उद्योग. तो छायाचित्रे काढी, रेखाटने करी, आणि हवामानखात्याच्या नकाशांवरून वादळ कोठे उठेल याचे स्वतः अंदाज बांधी. १९७७ साली त्याने ‘स्टॉर्म ट्रॅक’ नावाचे छोटेसे नियतकालिक सुरू केले. त्यामुळे ठिकठिकाणी एकेकटे आभाळ पाहणारे लोक एकमेकांना ओळखू लागले.

याच सुमारास शास्त्रज्ञही रस्त्यावर उतरले. २४ मे १९७३ रोजी ओक्लाहोमातील युनियन सिटी येथे झालेल्या टोर्नेडोचे आरंभापासून अखेरपर्यंत चित्रीकरण करण्यात संशोधकांच्या पथकाला यश आले. त्याच वेळी नॉर्मन येथील डॉपलर रडार त्या ढगाच्या आतील वारे टिपीत होते. डोळ्यांनी पाहिलेले आणि रडारने नोंदलेले शेजारी शेजारी ठेवल्यावर, भोवरा जमिनीवर येण्याच्या आधीच त्याची खूण रडारवर उमटते असे ध्यानात आले. पुढील रडारयंत्रणेचा पाया या तुलनेने घातला.

रडार असताना माणूस कशाला?

येथे वाचकांच्या मनात साहजिकच शंका येईल. आता रडार आहेत, उपग्रह आहेत. मग चौकात उभे राहून आभाळ पाहणाऱ्या माणसाचे काय काम?

याचे उत्तर भूगोलाच्या पहिल्या धड्यात आहे: पृथ्वी गोल आहे. रडारचा किरण सरळ जातो आणि जमिनीला, घरांना अडू नये म्हणून तो किंचित वर उचललेला असतो. शंभर किलोमीटर गेल्यावर तो जमिनीपासून सुमारे दीड किलोमीटर उंच असतो. म्हणजे ढगाच्या पोटात काय चालले आहे ते रडारला दिसते. ढगाच्या खाली, माणसे राहतात त्या थरात काय चालले आहे ते दिसत नाही. भोवरा खरोखर जमिनीला टेकला काय, गारा पडताहेत त्या केवढ्या, पूल पाण्याखाली गेला काय, हे तेथे असलेला माणूसच सांगू शकतो.

म्हणून अमेरिकेच्या हवामानखात्याने १९७० नंतरच्या काळात ‘स्कायवॉर्न’ ही योजना उभी केली. तिची मुळे दुसऱ्या महायुद्धात आहेत. दारूगोळ्याच्या कारखान्यांवर वीज पडू नये म्हणून भोवती स्वयंसेवक बसवीत असत आणि ते वादळ येताना दिसले की कळवीत. आज या योजनेत साडेतीन लाखांवर स्वयंसेवक आहेत. त्यांत शेतकरी आहेत, ट्रकचालक आहेत, शिक्षक आहेत, अग्निशामक दलाचे लोक आहेत. त्यांचे शिक्षण सुमारे दोन तासांचे असते. त्यांना शिकवितात ते एवढेच: काय पाहिले, कोठे पाहिले, केव्हा पाहिले, आणि कोणत्या दिशेने चालले आहे. पाहिले नाही ते सांगायचे नाही. गारा मोजायला पट्टी नसेल तर ते नाण्याची किंवा गोल्फच्या चेंडूची उपमा देतात. हे वाचून मला गंमत वाटली, कारण आमच्याकडे हरभऱ्याएवढी, बोराएवढी, लिंबाएवढी असे गारांचे माप पूर्वीपासून आहे. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात जी भयंकर गारपीट झाली तिच्याबद्दल आमच्या गावातली माणसे अजून याच मापांत बोलतात. आमच्याजवळ माप होते. वही नव्हती.

ब्रिटनमधले उदाहरण आपल्याला अधिक जवळचे वाटेल, कारण तेथे मोटारी पळविण्याचा प्रकार कमी आणि टिपणवही अधिक. १९२४ साली मॉरिस बोवर या गृहस्थाने गडगडाटी वादळांची गणना करणारी एक संघटना काढली. जागोजागचे हौशी निरीक्षक आपापल्या गावी गडगडाट केव्हा झाला ते कळवीत आणि त्यांवरून वादळाचा मार्ग नकाशावर काढता येई. १९७४ साली टेरेन्स मीडन यांनी टोर्नेडो व वादळांच्या संशोधनासाठी ‘टॉरो’ ही संस्था सुरू केली. तीही मुख्यतः अशाच स्वयंसेवकांवर चालते. शिवाय २०१७ साली जागतिक हवामान संघटनेने आपल्या मेघसंग्रहात ‘अ‍ॅस्पेरिटास’ या खवळलेल्या समुद्रासारख्या दिसणाऱ्या ढगाचा समावेश केला, तोही ब्रिटनमधील ढगप्रेमींच्या एका संस्थेने आपल्या सभासदांची छायाचित्रे दाखवून पाठपुरावा केला म्हणून.

पाहणे आणि पाठलाग

या छंदाची दुसरी बाजू सांगितली नाही तर लेख एकांगी होईल. राखण करणारे आणि पाठलाग करणारे यांत फरक आहे. पहिला आपल्या गावात राहतो आणि कळवितो. दुसरा वादळाच्या मागे शेकडो किलोमीटर जातो. पाठलाग करणाऱ्यांतही काही अभ्यासासाठी जातात, काही केवळ थरार म्हणून.

टिम समारास हा पहिल्या प्रकारच्या पाठलागवाल्यांपैकी. त्याच्याजवळ महाविद्यालयाची पदवी नव्हती. यंत्रे उघडून, जोडून तो अभियंता झाला होता. त्याने कासवासारखी चपटी, जड उपकरणे बनविली आणि ती टोर्नेडोच्या वाटेवर नेऊन ठेवण्याचे तंत्र साधले. २४ जून २००३ रोजी साउथ डाकोटातील मँचेस्टर येथे त्याचे एक उपकरण भोवऱ्याखाली सापडले आणि हवेचा दाब १०० मिलिबारने पडल्याची नोंद त्याला मिळाली. कोठल्याही शास्त्रज्ञाने अभिमान बाळगावा अशी ती नोंद होती. परंतु ३१ मे २०१३ रोजी ओक्लाहोमातील एल रिनो येथे एकाएकी चार किलोमीटरहून अधिक रुंद झालेल्या टोर्नेडोने त्याला गाठले. तो, त्याचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग असे तिघेही त्यात मृत्यू पावले. तिघेही अत्यंत सावध म्हणून प्रसिद्ध होते.

२०२२ च्या एप्रिलअखेर ओक्लाहोमा विद्यापीठाचे हवामानशास्त्राचे तीन विद्यार्थी वादळ पाहून परत येत असताना पावसात मोटारीच्या अपघातात दगावले. ते जवळजवळ आपल्याच वयाचे होते. वादळाइतकाच ओला रस्ता आणि थकलेला चालक यांचाही धोका असतो. म्हणून मला वाटते, आपण ज्याचा कित्ता गिरवावा तो पाठलाग करणाऱ्याचा नव्हे, माळ्यावरच्या राखणदाराचा.

आपल्याकडे काय करता येईल?

आपल्याकडे अमेरिकेसारखे टोर्नेडो होत नाहीत. आपला मोठा शत्रू वीज आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ साली भारतात २,८८७ माणसे वीज पडून मेली. नैसर्गिक कारणांनी झालेल्या एकूण मृत्यूंत हा वाटा एक तृतीयांशाहून अधिक होता. मेलेल्यांत बहुतेक शेतात काम करणारी माणसे असतात. महाराष्ट्रात विदर्भ आणि मराठवाडा या भागांत एप्रिल ते जून हा काळ विशेष धोक्याचा.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने विजा टिपणाऱ्या उपकरणांचे जाळे उभारले आहे आणि आसपास वीज चमकत असेल तर सूचना देणारे ‘दामिनी’ नावाचे अ‍ॅप मोबाइलवर मिळते. ते प्रत्येकाने घ्यावे. पण शेतात गेलेल्या काकूंच्या कमरेला मोबाइल नव्हता. आमच्या शिवारात त्याला रेंजही धड मिळत नाही. पारावरून दिलेली हाक मात्र, वेळेवर दिली असती तर, पोहोचली असती.

जुन्या माणसांना आभाळ वाचता येते हे मी नाकारीत नाही. सहदेव-भाडळीचे ठोकताळे माझ्या आजोबांना तोंडपाठ आहेत. ढगाचा रंग, मुंग्यांची अंडी, वाऱ्याचे वळण यांवरून ते पुष्कळ सांगतात. अडचण एवढीच की खरे ठरलेले ठोकताळे लक्षात राहतात आणि चुकलेले विसरले जातात. लिहून ठेवले म्हणजे दोन्ही राहतात.

म्हणून गेल्या वर्षी मी शंभर पानी वही घेतली. तारीख, पहिला गडगडाट किती वाजता, कोणत्या दिशेला, चमक आणि आवाज यांत सेकंद किती, वारा, गारा, पाऊस केव्हा थांबला, शेवटचा गडगडाट किती वाजता, असे रकाने आखले. एप्रिल आणि मे मिळून सुटीत व शनिवार-रविवारी घरी असताना नऊ नोंदी झाल्या. नऊ म्हणजे काहीच नव्हे, त्यावरून सिद्धांत मांडण्याचा माझा विचार नाही. पण आमच्या गावात सर्वांचे ठाम मत आहे की वळीव नेहमी पश्चिमेकडून येतो. माझ्या नऊ नोंदींपैकी तीनदा तो ईशान्येकडून आला. आजोबांना दाखविले तेव्हा ते बराच वेळ वही धरून बसले आणि म्हणाले, “असंल. आम्ही पश्चिमेलाच बघत बसतो.”

वही ठेवू इच्छिणाऱ्यांसाठी, आणि न ठेवणाऱ्यांसाठीही, दोन-तीन गोष्टी सांगून ठेवते. चमक आणि आवाज यांत तीस सेकंदांपेक्षा कमी अंतर पडले, म्हणजे वीज दहा किलोमीटरच्या आत आली, की शेतातले काम टाकून पक्क्या घरात जावे. डोक्यावर पाऊस नाही म्हणून निर्धास्त राहू नये. ढगापासून दूर, कोरड्या जागीही वीज पडते. झाडाखाली मुळीच थांबू नये. झाडावर पडलेली वीज खोडावरून शेजारच्या माणसावर झेप घेते आणि जमिनीतूनही पसरते. बैल आणि म्हशी मरतात त्या पुष्कळदा या जमिनीतल्या प्रवाहाने, कारण त्यांच्या पुढच्या व मागच्या पायांत अंतर जास्त असते. चारी बाजूंनी उघडे असलेले पत्र्याचे शेडही सुरक्षित नाही. आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यापासून अर्धा तास बाहेर पडू नये.

आपल्या महाविद्यालयात चाळीस-पन्नास गावांतून मुले-मुली येतात. राष्ट्रीय सेवा योजनेतर्फे प्रत्येक गावातून एकाने अशी वही ठेवली आणि सुटी संपल्यावर त्या सर्व वह्या भूगोल विभागात एकत्र केल्या, तर एकाच वादळाच्या वेळा गावोगाव लावून त्याचा मार्ग आपल्या तालुक्याच्या नकाशावर काढता येईल. बोवर यांनी शंभर वर्षांपूर्वी हेच केले. त्याला यंत्र लागत नाही. घड्याळ, वही आणि खरे तेवढेच लिहिण्याची सवय लागते. एका गावातून दुसऱ्या गावाला फोन करून “आमच्याकडून निघाला, तुमच्याकडे येतो आहे,” असे सांगता आले तर फारच उत्तम. गुरुजनांनी या सूचनेचा विचार करावा अशी माझी नम्र विनंती आहे.

शेवटी यंदाच्या मे महिन्यातली एक नोंद सांगते. दुपारी ३ वाजून ५२ मिनिटांनी नैर्ऋत्येला पहिला गडगडाट झाला. मी सेकंद मोजले, चोवीस भरले. म्हणजे आठ किलोमीटर. मी पळत देवळात गेले आणि पुजारीबाबांना सांगून भोंग्यावरून शेतातल्या लोकांना घरी बोलाविले. माझे वडील, चुलते, कांदा भरणाऱ्या बायका, सगळे अर्ध्या कामावरून परत आले. मग ढग दक्षिणेकडे सरकला. आमच्या शिवारात चार थेंब पडले आणि ऊन आले. वीज पडली नाही. लोक हसले, एक-दोघे चिडलेही, कारण कामाचा खोळंबा झाला होता. मलाही थोडे ओशाळल्यासारखे वाटले. अमेरिकेत टोर्नेडोच्या इशाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक असेच फुकट जातात हे मी वाचले होते, पण वाचणे वेगळे आणि चार माणसांत ऐकून घेणे वेगळे.

संध्याकाळी पारावरून आजोबांनी विचारले, “लिहिलंस का?” मी वही उघडली. पहिला गडगडाट ३.५२, शेवटचा ४.२०, ढग दक्षिणेकडे, आपल्या शिवारात वीज नाही, सर्वजण घरी.